घरातील शोभेची झाडे : जागा आणि निवड

वनस्पती हा एकेंद्रिय जीव होय, हे आपल्या घरांतील लहान मूलही जाणते. तरीही दिवाणखाना सजविताना आपण पडदे, गालिचा व कुंडी एकाच यादीत मांडतो. अंधाऱ्या कोपऱ्यात शोभेसाठी ठेवलेले झाड काही महिन्यांत सुकते आणि त्याच जागी दुसरे आणले जाते. जीवाचा असा खर्च आपल्या आचारात बसत नाही. म्हणून जागा आधी पाहावी, झाड मागाहून निवडावे.

सुरतेच्या जुन्या अरुंद व खोल घरांना चौकातून उजेड मिळे. आजच्या सदनिकेत तो खिडकीतून येतो व दोन-तीन पावले मागे सरताच झपाट्याने घटतो. भर दुपारी इच्छित जागी कोरा कागद ठेवून त्यावर वीतभर अंतरावर हात धरावा. सावली रेखीव पडल्यास बहुतेक झाडे तेथे नांदतील. ती पुसट असल्यास मनी प्लांट किंवा स्नेक प्लांट निवडावे. सावलीच न उमटल्यास तेथे पितळेची समई ठेवावी, हे उत्तम. पश्चिमेच्या खिडकीत वैशाखाचे ऊन पाने करपविते, तेथे मध्ये पातळ पडदा हवा. तुळशीस रोज काही तास थेट ऊन लागते. तिचे स्थान सज्जातच.

झाडे तहानेपेक्षा अतिपाण्याने अधिक दगावतात. चातुर्मासात येथील हवा दमट असते व माती लवकर वाळत नाही; बोट दोन पेरे खुपसून कोरडे लागले तरच पाणी घालावे. कुंडीस तळाशी छिद्र असावे आणि बशीत उतरलेले पाणी लगेच ओतून टाकावे. ते साचले की डास अंडी घालतात, कडांवर शेवाळ धरते, आणि मग सफाईत होणारी हिंसा टळत नाही.

‘हवा शुद्ध करणारे झाड’ म्हणून अधिक दाम मागितल्यास देऊ नये. या समजुतीचा आधार असलेले ‘नासा’चे १९८९ मधील प्रयोग लहान बंद पेट्यांत झाले होते. २०१९ मधील एका पुनरावलोकनानुसार इमारतीत सहज खेळणाऱ्या हवेइतका परिणाम साधण्यास दर चौरस मीटरमागे १० ते १००० झाडे लागतील! खिडकी उघडणे स्वस्त पडते.

पेढीतील झाड वातानुकूलन यंत्राच्या झोतात ठेवू नये. दिवाळीत पेढी बंद राहते, तेव्हा स्नेक प्लांट बहुधा तग धरते. इतर कुंड्या लाभपंचमीपर्यंत घरी न्याव्यात.