पिशवीवरचा ठसा : घरच्या घरी करण्याजोगा जोडधंदा



दर अंकात आपण लागवड, बेणे, खत आणि पाणी यांविषयी बोलतो. या खेपेस विषय थोडा निराळा आहे. शिवारातला नाही, पण घरातला आहे आणि दोन पैशांचाही आहे.

गेल्या महिन्यात कामानिमित्त छत्रपती संभाजीनगरला गेलो होतो. काम आटोपले आणि औरंगपुऱ्यात भाजी मंडईकडे वळलो. तिथे एक बाई कापडी पिशव्या मांडून बसल्या होत्या. पिशव्या साध्या मांजरपाटाच्या, पण प्रत्येकीवर लाकडी ठशाने उठवलेली वेलबुट्टी. माणसे भाजी घ्यायला येत होती आणि पिशवीही घेऊन जात होती. मी मात्र थबकलो ते वेगळ्याच कारणाने. आपल्याच कार्यक्षेत्रातल्या एका बचत गटाचे असेच काम गेल्या वर्षी फसले होते, आणि त्यात चूक माझी होती. ते पुढे सांगतो.

पिशवी परत का आली?

२३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. त्याच सुमारास या शहराने कचऱ्याचे दिवस पाहिले होते. फेब्रुवारीत नारेगावच्या कचरा डेपोला आसपासच्या गावकऱ्यांनी विरोध केला, गाड्या थांबल्या आणि रस्तोरस्ती ढीग साचले. प्लास्टिक आपल्या शेतालाही सोडत नाही. सरीत अडकलेली पिशवी पाणी अडवते आणि बैलाच्या पोटात गेली तर जिवावर बेतते. आपल्या वडिलांच्या काळी बाजाराला निघताना खांद्यावर पिशवी असायचीच. तीच आता नव्या रूपात परत आली आहे.

विद्या जुनीच

कापडावर ठसे उठवणे हा आपल्याकडचा फार जुना व्यवसाय. रंगारी, भावसार मंडळींनी तो पिढ्यान्‌पिढ्या केला. ठशासाठी सागवान किंवा शिसवीचे पक्के वाळलेले लाकूड घेतात. त्यावर नक्षी उलटी काढून पटाशीने कोरतात. नक्षी उंच राहते, बाकीचे लाकूड निघून जाते. मोठ्या ठशाला आरपार बारीक छिद्रे ठेवतात, म्हणजे हवा कोंडत नाही आणि रंग सारखा बसतो. कोरलेला ठसा काही दिवस तेलात मुरवला की तडकत नाही. गुजरातेत गांधीनगरजवळचे पेथापूर हे गाव अशा ठशांसाठी नावाजलेले आहे.

आपल्याला विशेष वाटावे असे एक. या छपाईतला पारंपरिक काळा रंग गुळापासून होतो! जुने गंजके लोखंड, गूळ आणि पाणी माठात घालून पंधरा-वीस दिवस आंबवतात. ते पाणी गाळून चिंचोक्याच्या खळीत शिजवले की रंग तयार. कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढलेले असते. हिरड्याचा तुरटपणा आणि लोखंड एकत्र आले की पक्का काळा रंग उमटतो. लाल रंगासाठी तुरटीचा ठसा मारून कापड मंजिष्ठेत किंवा आलाच्या मुळांच्या पाण्यात उकळत. या मुळांसाठी आलाची शेती होत असे. १८६९ च्या सुमारास कारखान्यात तयार झालेला लाल रंग बाजारात आला आणि पाहता पाहता ती शेती उठली. एकाच पिकावर विसंबणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आमची चूक

आता गेल्या वर्षीची हकीकत. गटातल्या भगिनींनी एका लग्नघरची साठ पिशव्यांची मागणी घेतली. कापड उधारीवर आणले. पहिल्याच ठशात घोटाळा झाला. वधूवरांच्या नावांची अक्षरे सरळ कोरली, ती कापडावर उलटी उमटली. सगळे हसले, दुसरा ठसा कोरला. पुढचे मात्र हसण्यासारखे नव्हते. तयार रंगाने छपाई झाली आणि वेळ कमी उरला. मी मोठ्या अधिकाराने सांगितले, "उन्हात खडखडीत वाळवा, पुरे झाले." पिशव्या गेल्या. पहिल्याच धुण्यात लाल रंग सुटला आणि पाहुण्यांचे कपडे खराब झाले. पैसे बुडाले, उधारी गटाच्या अंगावर आली. तीन भगिनींनी गट सोडला. मी पदविकेचा माणूस, मला बेण्याचे कळते, रंगाचे नाही. विचारून सांगायला हवे होते.

औरंगपुऱ्यातल्या त्या बाईंना हे सांगितले तेव्हा त्यांनी एकच विचारले, "साहेब, इस्त्री फिरवली होती का?"

नव्हती. मेख तिथेच होती. बाजारात मिळणारा कापडावरचा तयार रंग वाळून पक्का होत नाही, तापून पक्का होतो.

करण्याची रीत

१) कोरे कापड आधी धुऊन त्याची खळ काढावी. खळ राहिली तर रंग वरवर बसतो. बेणेप्रक्रिया न करता लावलेल्या कांडीसारखीच ही गत.

२) सव्वा मीटर मांजरपाटात साधारण पंधरा इंच रुंद आणि सोळा इंच खोल अशा दोन पिशव्या बंदांसह बसतात. छपाई शिवण्याआधी करावी.

३) मेजावर जुनी चादर किंवा घोंगडी चार पदरी घालावी. ताटात फोमचा तुकडा ठेवून त्यावर रंग पसरावा. ठसा फोमवर हलका टेकवावा, रंगात बुडवू नये.

४) ठसा कापडावर ठेवून मुठीने एक सरळ ठोका द्यावा. हलवू नये. पहिले दोन-चार ठसे चिंधीवर मारून पाहावेत.

५) एक दिवस सावलीत वाळवून उलट्या बाजूने, पाणी न मारता, गरम इस्त्री प्रत्येक जागी चार-पाच मिनिटे फिरवावी. रंगाच्या डब्यावर वेगळी सूचना असल्यास ती पाळावी. नंतर तीन दिवस धुऊ नये.

६) गिऱ्हाइकाला देण्याआधी प्रत्येक रंगाची एक पिशवी स्वतः धुऊन पाहावी. आम्ही नेमके हेच केले नाही.

शिकण्यासाठी लाकूडच हवे असे नाही. शाळेत आपण भेंडीचे आणि बटाट्याचे ठसे मारलेले आहेतच. हात बसला की लाकूड घ्यावे. नक्षी दूरची कशाला? उसाचे पेर, त्यावरचा डोळा, बैलजोडी, मोट, हे सारे आपलेच आहे.

शेवटी

साखरेच्या पोत्यावर आपल्या कारखान्याचे नाव, हंगाम आणि साखरेची प्रत छापलेली असते. ती छाप बघून व्यापारी पोते न उघडता माल घेतो. छाप म्हणजे शब्द. पिशवीवरचा ठसाही तसाच असतो. तो धुण्यात गेला की सोबत गटाचे नावही जाते.

गटातल्या राहिलेल्या भगिनींनी आता पुन्हा वीस पिशव्या छापल्या आहेत. त्यातली एक माझ्या घरी रोज बाजाराला जाते आणि दर रविवारी धुतली जाते. रंग जागचा हललेला नाही. सोडून गेलेल्या तिघींपैकी एकजण परवा पिशवी हातात घेऊन उलटसुलट पाहत होत्या. बोलल्या काही नाहीत, पण पिशवी खालीही ठेवली नाही.

ज्या सभासदांच्या घरच्या भगिनींना हे काम शिकायचे असेल त्यांनी आपल्या गट कार्यालयात नाव द्यावे. ठसे आणि इस्त्री दोन्हीची सोय केली आहे.

— ऊस विकास अधिकारी