पॅसिफिकमधील प्रारंभीच्या स्पॅनिश सागरी मोहिमा : परतीच्या मार्गाचा प्रश्न आणि गोवा

प्रस्तावना :
सागरी शोधांच्या इतिहासात एखाद्या भूमीवर प्रथम कोण पोहोचले, यावर सामान्यतः भर दिला जातो. पॅसिफिकमधील स्पॅनिश मोहिमांची खरी कसोटी मात्र परतीच्या प्रवासात लागली. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे स्वरूप व त्यातील गोव्याचे स्थान स्पष्ट केले आहे.

पार्श्वभूमी :
१४९४ च्या टॉर्डेसिलास तहानंतर आफ्रिकेला वळसा घालणारा पूर्वेचा मार्ग पोर्तुगालकडे राहिला. १५१० मध्ये गोवा व १५११ मध्ये मलाक्का जिंकून पोर्तुगीजांनी तो दृढ केला. मसाल्यांच्या मोलुक्का बेटांकडे पश्चिमेकडून जाणे स्पेनला त्यामुळे भाग पडले. १५०५ मध्ये पोर्तुगीज ताफ्यातून भारतात आलेला मॅगेलन पुढे स्पेनच्या सेवेत गेला. १५१९ मध्ये तो पाच जहाजांसह निघाला व १५२१ मध्ये फिलिपाईन्समधील मॅक्टन येथे मारला गेला. १५२२ मध्ये केवळ ‘व्हिक्टोरिया’ हे जहाज १८ माणसांसह स्पेनला पोहोचले, तेही हिंदी महासागरमार्गे.

परतीची अडचण :
अरबी समुद्रात वारा ऋतूनुसार दिशा बदलतो. त्यामुळे कोकणातील गलबतांना एका वाऱ्याने जाऊन दुसऱ्याने परतता येत असे. पॅसिफिकच्या उष्ण कटिबंधात मात्र व्यापारी वारे प्रामुख्याने पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. जाताना अनुकूल असणारा हाच वारा परतीची वाट अडवीत असे. १५२२, १५२८, १५२९, १५४३ व १५४५ मधील परतीचे पाचही प्रयत्न फसले.

१५२९ च्या झारागोझा तहान्वये स्पेनने ३,५०,००० डुकाट घेऊन मोलुक्कांवरील हक्क सोडला होता. १५४२ मध्ये मेक्सिकोहून निघालेल्या व्हिलालोबोसच्या मोहिमेतील लोकांना अखेर पोर्तुगीजांनाच शरण जावे लागले. व्हिलालोबोस आंबोन बेटावर मरण पावला आणि वाचलेले सहकारी पोर्तुगीज जहाजांतून मलाक्का व गोवामार्गे युरोपकडे निघाले. त्यांच्यापैकी कोस्मे दे टोरेस हा धर्मगुरू १५४८ मध्ये गोव्यात जेझुइट संघात दाखल झाला व १५४९ मध्ये फ्रान्सिस झेवियरसमवेत जपानला गेला. ज्या पोर्तुगीज मार्गाला पर्याय शोधायचा, त्याच मार्गाने परतावे, अशी ही विसंगती होती.

प्रश्नाची उकल :
तारुण्यात पॅसिफिक ओलांडून १५३६ मध्ये पोर्तुगीज मार्गानेच युरोपला परतलेल्या आंद्रेस दे उर्दानेताने ही कोंडी फोडली. १ जून १५६५ रोजी त्याने सेबू सोडले. ज्या नैऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे कोकणची बंदरे नारळी पौर्णिमेपर्यंत बंद राहत, तेच वारे त्याला ईशान्येकडे नेण्यास उपयोगी पडले. उत्तरेकडील पश्चिमी वारे गाठून ८ ऑक्टोबरला तो अकापुल्कोला पोहोचला. अरेलानोचे ‘सान लुकास’ काही आठवडे आधीच मेक्सिकोला परतले होते. तथापि पुढील जहाजांना मार्गदर्शक ठरल्या त्या उर्दानेताच्या नोंदी. या मार्गावरील मनिला-अकापुल्को व्यापार १८१५ पर्यंत चालला.

निष्कर्ष :
पॅसिफिकमधील बेटांवर स्पॅनिशांपूर्वी शतकानुशतके मानवी वस्ती होती; तेथील लोकांना ती ‘सापडण्याची’ गरज नव्हती. स्पेनचा महत्त्वाचा शोध होता तो परतीच्या वाऱ्यांचा. तो लागेपर्यंत स्पॅनिश खलाशांचा परतीचा प्रवास पोर्तुगीजांच्या मर्जीवर अवलंबून राहिला. म्हणूनच पॅसिफिकच्या या इतिहासात गोव्याची नोंद घ्यावी लागते.