वर्तुळ दिसले, पण अर्क किती होता?

अमुक झाडाच्या अर्काने जिवाणू मारले, अशी बातमी अधूनमधून छापून येते. सोबत पेट्री डिशचा फोटो असतो: जिवाणूंचा पांढुरका थर आणि त्यात स्वच्छ गोल वर्तुळ. यवतमाळ जिल्ह्यात तर असे प्रयोग व्हायलाच हवेत. टिपेश्वर आणि पैनगंगेच्या जंगलांचा हा मुलूख. इथे धावडा, बेहडा, पळस यांना तोटा नाही आणि सालीपाल्याचे गुण जाणणारी माणसे कोलाम-गोंडांच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, आजही आहेत. प्रश्न आहे तो वर्तुळ वाचायचे कसे, हा.

वर्तुळावरून मोजण्याची ही पद्धत रुळवली नॉर्मन हीटली या माणसाने. 1940 साली ऑक्सफर्डमध्ये पेनिसिलिन इतके थोडे हाती येई की कोणत्या द्रावणात ते किती आहे, हेच कळेना. हीटलीने जिवाणू पसरलेल्या अगरवर काचेच्या आखूड नळ्या उभ्या केल्या, त्यांत द्रावण भरले आणि दुसऱ्या दिवशी भोवतालची वर्तुळे मोजली. बुरशी वाढवायला भांडी मिळेनात, तेव्हा त्याने रुग्णालयातली बेडपॅनसुद्धा वापरली! पेनिसिलिन शुद्ध करण्याची युक्तीही त्याचीच. 1945 चे नोबेल मात्र फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळाले. ऑक्सफर्डने हीटलीला मानद डॉक्टरेट दिली ती 1990 मध्ये. हा अन्याय मला आजही सलतो.

त्याच्या पद्धतीचे मर्म असे की तो पेनिसिलिनची तुलना पेनिसिलिनशीच करत होता. आपण बेहड्याच्या अर्काचे वर्तुळ जेंटामायसिन या प्रतिजैविकाच्या वर्तुळाशेजारी ठेवतो, आणि घोळ तिथे होतो. अगरमधून सगळे रेणू सारख्या वेगाने पसरत नाहीत. आठवडी बाजाराच्या गर्दीतून सायकल निघून जाते, बैलगाडी अडकून पडते, तसेच हे. बेहड्यातली टॅनिन्स आकाराने मोठी आणि प्रथिनांना चिकटणारी. अर्क घालायला अगरमध्ये पाडलेल्या भोकापासून ती फार लांब जात नाहीत. म्हणजे लहान वर्तुळाचा अर्क दुबळाच असेल असे नाही आणि मोठ्या वर्तुळाचा जालीम असेल असेही नाही.

शिवाय मात्रा पाहा. जेंटामायसिनच्या चकतीत औषध असते 10 मायक्रोग्रॅम. मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम अर्क विरघळवून त्याचे 100 मायक्रोलिटर भोकात सोडले, तर तिथे 10 मिलिग्रॅम अर्क पडला, म्हणजे हजारपट. एवढ्या गर्दीत कशानेही जिवाणू गुदमरतील. अर्क ज्या डीएमएसओ या द्रावकात विरघळवला, तो नुसता एका भोकात घालून पाहिला होता का, हेही पुष्कळदा लिहिलेले नसते.

खरा आकडा म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणारी किमान मात्रा. छोट्या खळग्यांच्या प्लेटमध्ये अर्क दर खळग्याला निम्मा करत न्यायचा, जिवाणू घालायचे, रात्रभर ठेवायचे आणि मग रेझाझुरिन या निळ्या रंगद्रव्याचे थेंब टाकायचे. जिवाणू जिवंत असतील तिथे निळा रंग गुलाबी होतो. निळा राहिलेला शेवटचा खळगा हे उत्तर. कच्च्या अर्काची ही मात्रा मिलिलिटरला 100 मायक्रोग्रॅमच्या खाली आली, तर ती वनस्पती पुढच्या अभ्यासासाठी खरोखर मोलाची. एक मिलिग्रॅमच्या वर गेली, तर फार आशा धरू नये.

जिल्ह्यातल्या महाविद्यालयांना हे न परवडण्यासारखे नाही. प्राध्यापकांनी एम.एस्सी.च्या प्रकल्पांत वर्तुळापाशी न थांबता हा आकडा काढून घ्यावा, झाड कुठल्या गावचे, कुठल्या महिन्यात तोडले हे नोंदवावे आणि ज्या वैदूने ते दाखवले त्याचे नाव, त्याच्या संमतीने, प्रबंधात लिहावे.