सायकलींची यात्रा आणि पाठीचा कणा



साने गुरुजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगडचे. प्रांताप्रांतांतील माणसे एकमेकांच्या जवळ यावीत, हे त्यांच्या आंतरभारतीचे स्वप्न. तोच विचार पुढे नेत बाबा आमटे यांनी डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रा काढली. शंभरावर तरुण-तरुणी सायकलीवर, आणि सत्तरी ओलांडलेले बाबा गाडीत आडवे पडून! बाबांच्या पाठीच्या कण्याने दगा दिला होता. त्यांना बसता येत नसे. उभे राहायचे, नाहीतर आडवे व्हायचे. तरी माणूस थांबला नाही.

त्याच १९८५ साली कॅनडातला रिक हॅन्सन हा तरुण चाकाच्या खुर्चीत बसून जगप्रवासाला निघाला होता. हाताने चाके रेटीत त्याने २६ महिन्यांत ३४ देश आणि ४० हजार किलोमीटर पार केले. कण्याच्या दुखापतीवरील संशोधन व अपंगांची सोय यांसाठी २ कोटी ६० लाख डॉलर जमविले. आज देशोदेशी याच कामासाठी सायकलफेऱ्या निघतात.

आता हे आपल्या कारखान्याच्या पत्रकात कशाला, असे कोणी म्हणेल. तर ऐका. हा रिक १९७३ साली, पंधराव्या वर्षी, गाडीच्या मागच्या उघड्या हौद्यात बसून घरी येत होता. गाडी उलटली, तो फेकला गेला आणि पाय कायमचे गेले. हंगामात उसाच्या भरल्या ट्रॉलीवर बसून जाणारी पोरे आपण रोज बघतो की नाही? रत्नागिरीकडे आंब्याच्या झाडावरून, माडावरून गडी पडतो. आपल्याकडे ट्रॉलीवरून, नाहीतर विहिरीत.

कण्याच्या आत मज्जारज्जू असतो. हाड सांधते, पण तुटलेला मज्जारज्जू पुन्हा जोडण्याचा खात्रीचा उपाय डॉक्टरांना अजून सापडलेला नाही. म्हणूनच संशोधनाला पैसा लागतो. आपल्या हाती आहे ती पहिल्या अर्ध्या तासाची काळजी. पडलेल्याला बसवू नका, खांद्यावर टाकू नका, पाणी पाजायला मान उचलू नका. डोके, मान, पाठ एका रेषेत धरा आणि १०८ नंबरला फोन लावा. हलविणे भागच असेल, तर चार-पाच जणांनी मिळून एकदम सरळ उचलून फळीवर घ्या. घाईने जीपमध्ये कोंबलेला माणूस वाटेतच जास्त अधू होतो.

आणि पाय गेले म्हणजे सगळे संपले असेही नव्हे. ऐन तारुण्यात कमरेखालचे अंग लुळे पडलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. कित्येक अपंगांना तिने शिक्षण आणि रोजगार दिला.

तेव्हा आमची एक सूचना आहे. आपल्या गावोगावच्या तरुण मंडळांनी हंगाम संपल्यावर आंबा घाट उतरून रत्नागिरीपर्यंत सायकलफेरी काढावी. वाटेतल्या गावांत जखमीला कसे उचलावे ते करून दाखवावे. जमेल तो निधी कण्याच्या रुग्णांसाठी द्यावा. आणि फेरीची वाट न पाहता प्रत्येक सभासदाने आजपासून एक करावे : आपल्या ट्रॉलीवर कोणालाही बसू देऊ नये. एका टनाचे नुकसान पुढच्या हंगामी भरून निघते. घरातला कर्ता माणूस अंथरुणाला खिळला, तर ते घर उभे राहायला पिढी जाते.