सीसी किती, बॉस?

गाडी घ्यायची म्हटली की पुण्यात पहिला प्रश्न, ‘ॲव्हरेज किती?’ इथे कॅलिफोर्नियात, जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या रेप्लिका बाळगणाऱ्यांच्या जमातीत मात्र एकच विचारतात, ‘इंजिन किती सीसीचं?’ सनीवेलमध्ये नोकरी करणाऱ्या माझ्यासारख्या कोथरूडकराची या प्रश्नाने सहा महिने झोप उडवली होती.

माझं स्वप्न म्हणजे पोर्शे ३५६ स्पीडस्टर. १९५४ साली आलेली, बुटक्या काचेची, उघड्या टपाची सुंदरी. ओरिजिनल घ्यायची तर घर विकावं लागेल. म्हणून रेप्लिका. वर फायबरग्लासची बॉडी, खाली आखूड केलेली बीटलची चॅसी आणि मागे बीटलचंच एअर-कूल्ड इंजिन. नाक मुरडू नका! पहिली ३५६ सुद्धा बीटलच्याच पार्ट्‌सवर उभी राहिली होती. नक्कल असली तरी खानदान तेच.

आता इंजिनाचा फंडा. साधं ‘सोळाशे’ म्हणजे १५८४ सीसी. सिलिंडर ८५.५ ऐवजी ९०.५ मिलिमीटरचे बसवले की १७७६. ९४ चे बसवले की १९१५. त्यावर ८४ मिलिमीटर स्ट्रोकचा क्रँकशाफ्ट टाकला की थेट २३३२!

मला अर्थातच २३३२ हवं होतं. एका मित्राकडे तसलीच रेप्लिका आहे. जूनमधल्या एका शनिवारी ती घेऊन मी आणि बायको हायवे १७ ने सांताक्रूझला निघालो. पहिला चढ सॉलिड. पाय नुसता टेकवला तरी गाडी उसळायची. मग पुढच्या वळणानंतर अचानक ट्रॅफिक थांबलेलं दिसलं. गाडीला पुढेमागे जुने ड्रम ब्रेक. मी अक्षरशः उभा राहून ब्रेक दाबला. समोरच्या ट्रकपासून हातभर अंतरावर थांबलो. एअरबॅग नाहीच. बायको एक शब्द बोलली नाही. त्यानंतर अर्धा तास मुंगीच्या पावलांनी सरकताना ऑइलच्या तापमानाचा काटा चढतच गेला. या इंजिनाला रेडिएटर नसतो. हवा आणि ऑइल, एवढाच काय तो गारवा. शेवटी गाडी बाजूला घेऊन तासभर थांबलो.

सोमवारी मेकॅनिककडे गेलो. त्याने सीसी विचारलंच नाही. म्हणाला, ‘गाडी चालवणार कुठे?’ मी म्हटलं, ‘रोज ऑफिसला, शनिवारी समुद्रावर.’ तो हसला. म्हणाला, ‘मग १७७६ घे. मूळचाच क्रँकशाफ्ट चालेल, गिअरबॉक्सवर ताण कमी. वाचलेल्या पैशांत पुढे डिस्क ब्रेक आणि एक जादा ऑइल कूलर बसव.’

माझा चेहरा पडला. घरी येऊन जुने आकडे काढले. १९५४ च्या साध्या स्पीडस्टरचं इंजिन होतं १४८८ सीसी. ताकद ५५ हॉर्सपॉवर. बस्स! जिच्यासाठी जग वेडं झालं ती गाडी माझ्या ‘छोट्या’ इंजिनापेक्षाही छोटी होती. तिची जादू होती हलक्या वजनात.

तेव्हा मंडळी, रेप्लिका बांधायची असेल तर आधी रस्ता ठरवा, मग ब्रेक, आणि सीसी सगळ्यात शेवटी. ट्रॅकवर पळवणार असाल तर २३३२ जरूर घ्या. आम्ही १७७६ वर खूश आहोत. बायको शेजारी बसते, आणि आता बोलतेही!

परवा बाबांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘ते ठीक आहे रे, पण ॲव्हरेज किती?’