गोंगाट आणि नाद

इंदूरच्या सियागंजात वाढलेल्या मनुष्यास मोठ्या आवाजाचे नवल वाटू नये. रेल्वे स्थानकाजवळची ही किराण्याची घाऊक पेठ. हम्मालांच्या हाका, हातगाड्यांची खडखड, मालमोटारींचे भोंगे आणि व्यापाऱ्यांचा भावताव हे सारे तेथे एकाच वेळी चालू असते. अशा पेठेत लहानाचा मोठा झालेला मी तरुणपणी मुंबईस धोबीतलावच्या रंगभवनात रॉक संगीताचा पहिला जलसा ऐकावयास गेलो आणि पहिल्याच आघाताला दचकलो. तो आवाज कानाआधी छातीत शिरल्यासारखा वाटला. इंदूरला परतल्यावर आजोबांनी सारी हकीगत शांतपणे ऐकून घेतली व विचारले, “एवढ्यासाठी मुंबईस कशाला जावयाचे? आपल्या दारात हे रोज फुकट ऐकू येते!”

आजोबांचा प्रश्न थट्टेचा असला, तरी विचार करण्याजोगा होता. गोंगाट कशाला म्हणावे आणि संगीत कशाला? त्याविषयी जे समजले, ते विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहे.

रॉक संगीत जन्मले अमेरिकेत, १९५० नंतरच्या दशकात. तेथील कृष्णवर्णीयांचे ‘ब्लूज’ गायन आणि ग्रामीण गोऱ्या लोकांची गाणी यांच्या मिलाफातून ते वाढले. ते आपल्याला अगदीच परके आहे, असे मात्र नाही. १९५७ च्या ‘आशा’ चित्रपटातील ‘ईना मीना डीका’ हे गाणे त्याच धर्तीचे. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे त्या वेळच्या नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. आणि ते गाणारे किशोरकुमार हे इंदूरच्या ख्रिश्चन महाविद्यालयाचे विद्यार्थी. पुढे १९८६ पासून मुंबईत ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा रॉक वाद्यवृंदांचा उत्सव भरू लागला आणि रंगभवनाचे उघडे नाट्यगृह अनेक वर्षे त्याचे घर बनले.

या संगीताचे मुख्य वाद्य म्हणजे विजेवर चालणारी गिटार. तिचे मर्म तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे. पोलादी तारांखाली लोहचुंबक व त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात क्षीण विद्युत्प्रवाह निर्माण होतो. फॅरडेने १८३१ मध्ये शोधलेले तत्त्व ते हेच. तो प्रवाह वर्धकयंत्रात मोठा होतो आणि ध्वनिक्षेपकाचा पडदा हलवून पुन्हा ध्वनी होतो.

गिटारीचा तो खरखरीत, फाटल्यासारखा आवाज ऐकून पुष्कळांना यंत्र बिघडले असावे असे वाटते. वस्तुतः तो हेतुपूर्वक काढलेला असतो. वर्धकाला त्याच्या शक्तीबाहेर ताणले की ध्वनिलहरींची टोके चपटी होतात आणि मूळ स्वरात नवे उपस्वर मिसळतात. आपल्या तंबोऱ्याची आठवण करा. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून आपण जवारी काढतो, तीही उपस्वर फुलवण्यासाठीच. युक्ती निराळी, पण साधा स्वर अपुरा वाटून त्याला भरीवपणा आणण्याची ओढ दोन्हीकडे सारखीच आहे.

छातीत जाणवणारा धक्का हा ढोलाचा व खर्जाच्या गिटारीचा. सेकंदास ५० कंपने असलेल्या स्वराची लहर हवेत जवळजवळ ७ मीटर लांबीची असते. असा खर्ज पुरेसा जोरकस असला म्हणजे तो कानाला ऐकू येतोच, शिवाय अंगालाही जाणवतो. ढोल-ताशांजवळ उभे राहिलेल्यांना हा अनुभव नवा नाही.

आता आजोबांच्या प्रश्नाकडे वळू. सियागंजातील प्रत्येक आवाजाला स्वतःचे प्रयोजन आहे. पण एका आवाजाचे दुसऱ्याशी नाते नाही. भोंगा वाजतो तो हातगाडीच्या लयीत वाजत नाही. रॉकमध्ये बहुधा चार मात्रांचे आवर्तन असते आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर ढोलाचा ठसठशीत आघात पडतो. गायक, गिटार आणि खर्ज हे सारे त्या आवर्तनाला बांधलेले असतात. एकदा ती चौकट कानांनी पकडली की मघाचा कोलाहल उलगडू लागतो. रंगभवनात मला यासाठी तीन-चार गाणी जावी लागली.

ज्या इंदूरचे नाव उस्ताद अमीर खाँ यांच्या घराण्याला मिळाले, तेथील रसिकांना वेगळ्या ऐकण्याची सवय आहे. अमीर खाँ यांची अतिविलंबित झुमऱ्यातील बढत मंद्र सप्तकातून सावकाश वर चढते. तेथे श्रोत्यांची शांतता हाच मैफलीचा एक भाग असतो. रॉकच्या जलशात श्रोत्यांचा जल्लोष हा भाग असतो. परंतु दोन्ही ठिकाणी श्रोता आपण होऊन आलेला असतो, आणि ही गोष्ट महत्त्वाची आहे. तेच गाणे मध्यरात्री शेजारच्या आजारी माणसाच्या खिडकीत शिरले, तर त्याच्यापुरता तो गोंगाटच. म्हणूनच २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावरील ध्वनिक्षेपकांना सर्वसाधारणपणे मनाई केली आणि रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरचा शांतता-प्रदेश आखला. रंगभवनाच्या आसपास महाविद्यालय आणि रुग्णालये असल्याने तेथील जलसे पुढे थांबले. रसिकांना हळहळ वाटली. पण रुग्णाची झोप हाही एक हक्कच आहे.

येथवर मी रॉकची बाजू मांडली. एका बाबतीत मात्र आजोबांचेच म्हणणे खरे ठरते. मनाला गोंगाट आणि नाद यांतील भेद कळतो. कानातील पेशींना तो कळत नाही. अंतःकर्णात शंखासारख्या वळणाची एक नलिका आहे. तिच्यात सुमारे १५ हजार सूक्ष्म केशपेशी असतात. त्या एकदा मेल्या की मनुष्याच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. जलशानंतर कानात शीळ वाजत राहते, ती त्या पेशी थकल्याची खूण होय. माझ्या कानांत ती दोन दिवस वाजत होती.

कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत चालेल, असे एक प्रचलित प्रमाण आहे. दर ३ डेसिबल वाढीस ही मुदत निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे उरतात, आणि रॉकचा जलसा तर दोन-तीन तास चालतो! म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सुचविले की जलशात १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, श्रोत्यांना कानातील बोळे मिळावेत आणि विसाव्यासाठी शांत जागा असावी.

तेव्हा मित्रहो, रॉकच्या जलशाला जावयाचे असेल तर खुशाल जा; परंतु ध्वनिक्षेपकापासून दूर उभे राहा. उघड्या मैदानावर अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. कानांत फेसाचे बोळे घाला, अधूनमधून बाहेर येऊन कानांना विसावा द्या. हेच पथ्य गेरीच्या मिरवणुकीला, लग्नाच्या वरातीला आणि कानांत अडकविलेल्या श्रवणयंत्रांनाही लागू आहे. आज गिटारीचा कडकडाट आवडणाऱ्या मुलाला चाळिसाव्या वर्षी कदाचित तंबोऱ्याची जवारी ऐकावीशी वाटेल. तेव्हा ती ऐकू येईल एवढा कान त्याने आजच राखून ठेवावा.