कलोपचार आणि पालकांचा हिशेब

मुलाला कोठे न्यावयाचे असले की आपल्याकडे पालक त्याला एक तर काहीच सांगत नाहीत, किंवा मग खोटे सांगतात. दवाखान्यात न्यावयाचे असेल तर ‘बागेत जाऊ’ असे म्हणावयाचे, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. ज्याला बोलताना आपण ‘आर्ट थेरपी’ म्हणतो त्या अभिव्यक्ती-कलोपचाराच्या बाबतीत तर हे खोटे फारच सोपे होते. ‘चित्रकलेच्या क्लासला जाऊ या’ असे सांगितले की मूल निमूटपणे चालू लागते. तेथे गेल्यावर खरोखरच कागद, रंग, माती, डफ, बाहुल्या दिसतात. त्यामुळे खोटे उघडकीसही येत नाही. परंतु पुढची बहुतेक अडचण याच वाक्यातून उभी राहते.

कलोपचार म्हणजे कलाशिक्षण नव्हे. ‘आर्ट थेरपी’ हा शब्द १९४२ साली एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने रूढ केला. क्षयरोगामुळे आरोग्यधामात पडून असताना चित्रे काढण्याचा स्वतःला झालेला उपयोग त्याने पाहिला होता. पुढे १९७० च्या दशकात चित्राबरोबर संगीत, नृत्य, नाट्य आणि कथाकथन यांची सांगड घालणारे शिक्षण अमेरिकेत सुरू झाले. यात चित्र हे साध्य नसून साधन असते. आजीच्या मृत्यूनंतर गप्प झालेले मूल, शाळा बदलल्यापासून अंथरूण ओले करणारे मूल, किंवा ज्याला बोलणेच उशिरा येत आहे असे मूल, यांना मातीतून, तालातून, बाहुलीच्या तोंडून काही सांगता यावे आणि ते समजून घेणारे प्रशिक्षित माणूस समोर असावे, एवढीच ही योजना आहे.

आता महाराष्ट्रातील नोकरदार घरात ‘चित्रकला’ म्हटले की एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय परीक्षा आठवतात. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, हे तर पालकांना तोंडपाठ असते. या परीक्षांवर माझा राग नाही. आडगावच्या कितीतरी मुलांच्या हाती त्यांच्यामुळेच ब्रश आला. तथापि चित्राकडे पाहताना मनातल्या मनात श्रेणी देण्याची सवय आपल्याला लागली आहे, आणि ती मुलांनीही उचलली आहे. ‘क्लास’ म्हणून आलेले मूल प्रथम खोडरबर मागते. रेघ चुकेल म्हणून हात आखडून बसते. ‘तुला हवे ते कर’ या उपचारकाच्या वाक्यात त्याला परीक्षेतला अवघड प्रश्न दिसतो. ही भीती उतरवण्यातच पहिले कित्येक आठवडे जातात.

वसईच्या मुलाला खरी गोष्ट समजावून सांगणे वस्तुतः कठीण नाही. दिवाळीत अंगणात, आणि आता इमारतीच्या जिन्याखाली, दगड-मातीचा किल्ला मुलेच करतात. नाताळात ख्रिस्ती घरांतून येशूजन्माचा गोठा उभा राहतो, त्यालाही त्यांचेच हात लागतात. मातीत हात घालताना तेथे बरोबर-चूक पाहणारे कोणी नसते. (किल्ल्यांच्या स्पर्धा भरवणाऱ्यांनी तेही बिघडवत आणले आहे, असो.) तेव्हा असे सांगावे : ‘तुला हल्ली रात्री भीती वाटते, हे आम्हांला दिसते. तिथे एक ताई आहेत. किल्ला करतोस तसे मातीचे काही करायला, रंगवायला, वाजवायला मिळेल. बोलावेसे वाटले तर बोल, नाही तर नको. चांगले-वाईट कोणी म्हणणार नाही. तोवर आम्ही बाहेरच बसलेलो असू.’

लहान मुलाला हे आदल्या दिवशी सांगितले तरी पुरे. फार आधी सांगितल्यास ते धास्ती घेते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला चार दिवस आधी सांगावे आणि त्याच्या प्रश्नांना वेळ द्यावा. त्याहून मोठ्याची संमतीच घ्यावी. ही शिक्षा नव्हे, हे स्पष्ट शब्दांत सांगणे आवश्यक आहे, कारण ‘नीट वागला नाहीस तर बाईंकडे नेईन’ असे कोणीतरी आधीच बोलून चुकलेले असते. इस्त्रीचे कपडे घालू नयेत; डागांची भीती असलेला हात रंगात मोकळा होत नाही. स्वमग्न मुलांच्या बाबतीत मात्र तयारी अधिक बारकाईने करावी लागते. खोली आधी दाखवावी किंवा तिचे छायाचित्र दाखवावे. ओल्या मातीचा स्पर्श अथवा ढोलकीचा आवाज त्याला सहन होत नसेल तर तसे उपचारकाला पहिल्याच भेटीत सांगून ठेवावे.

येथवरची तयारी मुलाची झाली. अवघड तयारी पालकांची आहे, आणि तेथे अर्थशास्त्राच्या माणसाला बोलण्याचा थोडा अधिकार आहे. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे साठ किलोमीटरांचे. उपचारासाठी मुंबईच्या दिशेने निघालेल्या आईचे भाडे आणि शुल्क यांखेरीज अर्धा दिवस जातो. रोजंदारीवरच्या बापाचा तर दिवसच बुडतो. आमच्या शास्त्रात याला संधिखर्च म्हणतात. एवढा खर्च केलेला माणूस मोबदला दिसावा अशी अपेक्षा धरतो, यात गैर काही नाही. गैर हे की तो मोबदला मुलाकडे मागितला जातो. दार उघडताच ‘आज काय केलेस?’, गाडीत बसेपर्यंत ‘बाईंनी काय विचारले?’, आणि घरी पोहोचल्यावर ‘हे काळेच का रंगवलेस?’ अशी चौकशी चालू होते. ओळखीच्या दोन-तीन घरांत मी हे पाहिले आहे. तिसऱ्या आठवड्यापासून मूल घरी दाखवण्याजोगी चित्रे काढू लागते : डोंगर, सूर्य, झोपडी. उपचार चालू राहतो, पैसे जात राहतात, आणि सांगावयाचे ते आतच राहते. हिशेब अवश्य मागावा, पण तो उपचारकाकडे.

आपल्याच जिल्ह्यातील एक उदाहरण येथे आठवते. डहाणू तालुक्यातील गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांच्याविषयी असे सांगतात की, लहानपणी आई गेल्याच्या धक्क्याने त्यांचे बोलणे थांबले, आणि कित्येक वर्षे ते धुळीत चित्रे काढूनच आपले म्हणणे सांगत. पुढे ज्या भिंतीवरच्या चौकावर सुवासिनींचाच हक्क होता, त्या कलेत हा पुरुष उतरला, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पालकांना हे सांगितले की त्यांचे डोळे चमकतात, ते पद्मश्रीच्या उल्लेखाने. मला महत्त्वाची वाटते ती धूळ. ती चित्रे कोणी चौकटीत लावली नाहीत. पुढच्या वाऱ्याने ती पुसली गेली असणार. तरी त्या मुलाचे काम ती करीत होती.

उपचारकाकडे हिशेब मागताना संकोच नको. त्याचे प्रशिक्षण कोठे आणि किती काळ झाले, त्याच्या कामावर अनुभवी व्यक्तीची देखरेख आहे काय, पालकांशी तो किती दिवसांनी बोलेल, हे विचारावे. मुलाने सांगितलेले तो आपल्याला सगळे सांगणार नाही, हे मान्य करावे. मात्र लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, हेही ठाऊक असावे. आणि ‘हमखास गुण’ म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. स्वमग्न मुलांवरील संगीतोपचाराचा नऊ देशांतील ३६४ मुलांवर केलेला प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात लक्षणांच्या तीव्रतेत लक्षणीय फरक आढळला नाही. २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात, २६ अभ्यास एकत्र पाहता, एकंदर सुधारणेची शक्यता वाढत असल्याचे दिसले. म्हणजे आशेला जागा आहे, खात्रीला नाही. वाचोपचार अथवा मानसोपचारतज्ज्ञाचे औषध चालू असेल तर ते याच्यासाठी बंद करू नये. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्यविमा योजना आहे. तिच्यात कोणते उपचार बसतात हे नोंदणी करतानाच विचारून घ्यावे.

पहिल्या काही भेटींनंतर मूल अधिक चिडके किंवा थकलेले दिसू शकते. त्यात बहुधा घाबरण्यासारखे नसते, पण दोन-तीन आठवड्यांत ते न निवळल्यास उपचारकाला सांगावे. परतीच्या गाडीत त्याला भूक लागलेली असते. खायला द्यावे आणि खिडकी द्यावी. चित्र त्याने दाखवले तर ‘यात काय चालले आहे, सांगतोस?’ एवढेच म्हणावे. ते शेजाऱ्यांना दाखवू नये, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप समूहावर तर मुळीच टाकू नये. भेटी संपणार हे त्याला तीन-चार आठवडे आधी कळावे, कारण ताईही अचानक नाहीशा झाल्या असे त्याला वाटता कामा नये. साठलेल्या चित्रांचे काय करावयाचे, हे त्यालाच विचारावे. ती त्याची आहेत. फाडावयाची म्हणाला तर त्याला फाडू द्यावीत.